चार सुयांचं तिकीट

आमच्या गावात माणूस माणसाला भेटला की आधी 'काय, जेवण झालं का' म्हणतो. रंगनाथ नाना आधी तुमच्या पोटऱ्या बघतात. अगदी वाकून, चष्मा कपाळावर सरकवून बघतात. मग मान वर करून म्हणतात, "कुत्रंबित्रं न्हाई ना चावलं? मंग बरंय." एवढं झालं की मग रामराम.

नवीन माणसाची पंचाईत होते. शाळेवर एक मॅडम बदलून आल्या. पहिल्याच दिवशी एस.टी.तून उतरतात, तर समोर हा म्हातारा पायांकडे टक लावून उभा. मॅडम तडक माझ्या दुकानात. "इथले पोलीस पाटील कुठं राहतात?" मी म्हटलं, "बसा, पाणी प्या. ते आमचे नाना आहेत. त्यांना तुमच्या पायांत काडीचा रस नाही. पायावर दात उमटलेत का, एवढंच बघतात." झालं, बाई आणखीच घाबरल्या.

माझं किराणा दुकान स्टँडसमोर. आमचे हे टेम्पोवर असतात, म्हणून गल्ल्यावर मी. समोरच्या बाकावर सकाळपासून नाना. एस.टी.त कंडक्टर होते, रिटायर होऊन गावी परतले, ते एकटेच. मूलबाळ नाही. बायको डेपोच्या गावाला असतानाच तापाने गेली, असं त्यांनी सांगितलेलं. लोकांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, मोबाईल असतो. नानांच्या खिशात लाल साबणाची वडी, प्लॅस्टिकच्या डबीत. वडी माझ्याच दुकानातली.

चावलेला माणूस सापडला की नाना त्याला नळाखाली धरतात आणि जखम धूत बसतात. एक-दोन मिनिटं नाही, चांगला पाव तास. तो ओरडो, शिव्या देवो, नाना सोडत नाहीत. आमच्याकडे कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायची पद्धत, वर चुना. नाना ते सगळं धुऊन काढतात आणि तिखट भरणाऱ्याचा उद्धार करतात. "भाजी हाय का ती, मसाला भराया?"

एकदा पाटलांच्या मुलीच्या लग्नात मांडवामागं नवऱ्या मुलाच्या मामाला कुत्र्याने धरलं. नानांनी मामाला पाटावर बसवलं, पितळी बादली मागवली आणि पाय धुवायला लागले. धुताहेत, धुताहेत. बँडवाले थांबले. पाहुण्यांना वाटलं, काहीतरी विधी दिसतोय. फोटोवाल्याने चार फोटो काढले. आणि मुलाचे सख्खे काका रुसून बसले, "मामाचे पाय पाव तास धुता, आन् आमाला साधं पानीबी इचारत न्हाई!" मग त्यांची समजूत काढता काढता मुहूर्त टळायला आला. इकडे नाना मामाला मोटरसायकलवर मागे बसवून तालुक्याच्या दवाखान्यात पोचलेसुद्धा. मामाने लग्न पाहिलंच नाही. अजून नाव काढतो, चांगलं नाही.

दवाखान्यात कुत्रं चावल्यावरच्या, रेबीजच्या सुया फुकट मिळतात. चार खेपांना घ्यायच्या. आता आमच्या लोकांच्या डोक्यात अजून जुनंच बसलंय, पोटात चौदा इंजेक्शनं. ते ऐकूनच माणूस रानात पळतो. नाना त्याला आपला दंड दाखवतात, "पोटात न्हाई रं बाबा, हितं. मुंगीवानी." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य येतं: "चार टप्प्याचं तिकीट हाय. मधी उतरायचं न्हाई."

आणि उतरतात हो लोक! तेच तर रडगाणं आहे. पहिली सुई घेतात, दुसरी घेतात. तोवर जखम भरते. जखम भरली की माणसाला वाटतं आपण बरे झालो. मग सोयाबीन काढायचं असतं, कुणाचं बारसं असतं. एखादा बिचारा तिसऱ्या सुईला शहाण्यासारखा जातो, तर खिडकीतून ऐकू येतं, "आज संपली, परवा या." परवा कोण जातंय? रोज बुडतो. नाना त्या माणसाच्या दारात जाऊन बसतात. घरचे लोक त्यांना पाहून दार लावून घेतात. मी पुष्कळदा म्हटलंय, "नाना, तुम्ही काय ठेका घेतलाय का गावाचा? मरू द्या ज्याला मरायचंय त्याला." नाना म्हणतात, "तुज्या तोंडाला हाड न्हाई, सूनबाई." आणि चहा अर्धा टाकून उठून जातात. तोंडाला हाड नाही हे खरंच आहे माझ्या.

मागच्या सालची गोष्ट. दसरा उलटलेला. ऊसतोडीच्या टोळ्या निघायचे दिवस. आमच्या ह्या कोरड्या भागातलं अर्धं गाव तेव्हा ट्रॉलीत बसून कारखान्यांकडे जातं, ते गुढीपाडव्याच्या आसपास परत येतं. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा हिशोब. वस्तीवरचा दत्तू आणि त्याची बायको मंगल दुकानात आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, पोरगेलीच जोडी. त्यांना नारळ हवा होता आणि उदबत्ती. मंगलच्या उजव्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं, आणि तरी बाई हसतेय. मी विचारलं, "कुठं निघालात नटूनथटून?"

"विहिरींवर," मंगल म्हणाली. "रातीच्याला कुत्रं चावलं ना. सात विहिरींत डोकवायचं हाय. सासूबाई म्हनल्या, उतरतं."

हीसुद्धा आमच्याकडची पद्धत. चावलं की सात विहिरींच्या पाण्यात तोंड बघून यायचं, की विष उतरतं म्हणे. त्या दोघांना तेवढंच एक दिवस शेतातून सुटून गावभर हिंडायला निमित्त. दत्तूने डोक्याला तेल लावलं होतं.

बाकावरून नाना कधी उठले कळलं नाही. त्यांनी मंगलचा हात धरला, फडकं सोडलं. आत तिखट, चुना आणि तळव्याच्या मांसात खोल गेलेले दात. नानांचं तोंड एवढंसं झालं. माझ्या दुकानाच्या नळावर त्यांनी तो हात धुतला. तिखटाने पोर कळवळत होती, दत्तू मध्ये पडायला बघत होता. "नाना, सोडा की! आमी विहिरी करून येतो, मंग जाऊ दवाखान्यात."

"विहिरीत काय तुजा आजा बसलाय का सुया घेऊन?" नाना ओरडले. इतके ओरडले की समोरच्या सलूनमधला माणूस अर्धी दाढी घेऊन बाहेर आला. "चल आधी गाडीवर बस!"

नारळ माझ्या काउंटरवरच राहिला. दुपारी तिघं परत आली. मंगलला पहिली सुई मिळाली होती. पण डॉक्टरांनी सांगितलं, जखम हाताला आहे, खोल आहे. नुसत्या लशीवर भागायचं नाही, सिरम लागेल. इथं शिल्लक नाही, उद्या नगरला जा.

दत्तूला ते काही समजेना. नानांनी बाकावर बसवून त्याला समजावलं. "हे बघ. लस मंजी काय, आपल्या अंगातल्या मानसांला लढाया शिकवनं. ती शिकतेत, पन येळ लागतो, पंधरवडा तरी. तवर घर राखनार कोन? म्हनून बाहेरून तयार राखनदार आनायचा. त्यो सिरम. आपली मानसं शिकूस्तवर त्यो दाराशी बसतो. कळ्ळं का?"

"कळ्ळं," दत्तू म्हणाला. "पन नाना, उद्या सकाळी ट्रॅक्टर निघनार."

सकाळी मी दुकान उघडत होते, तर वस्तीच्या वळणावर गलका. पाहते तो नाना दोन्ही हात पसरून ट्रॅक्टरसमोर उभे. ट्रॉलीत भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, म्हातारी माणसं. ड्रायव्हर हॉर्न देतोय, पोरं हसताहेत. नाना म्हणताहेत, "ह्या दोगांला दोन दिस मागं ठिवा. मी सोता आनून सोडतो."

टोळीचा मुकादम खाली उतरला. माणूस गोड बोलणारा. "नाना, कोयता मागं ठिवून मी तितं काय तोंड दावू? आन् तिकडं दवाखानं न्हाईत का? आपल्यापरीस मोठं हायेत. पोचलो की पैलं ह्येच काम."

मंगल ट्रॉलीतून म्हणाली, "जाते मी तिकडं, नाना. आईशप्पत." हाताला पांढरीशुभ्र पट्टी, चेहऱ्यावर कालचंच हसू. नाना बाजूला झाले. काय करतील? एकटा म्हातारा माणूस किती वेळ उभा राहणार? ट्रॉली गेल्यावर धुरळा खाली बसेपर्यंत ते तिथेच होते.

त्यानंतर नानांना एकच उद्योग, फोन. बाकावर बसून दत्तूला फोन लावायचा. कधी लागायचा, बहुतेक वेळा नाही. दुसरी सुई झाली एवढं कळलं. "सिरमचं काय?" "मुकादम म्हनतो, बघू." तिसऱ्या सुईच्या वेळी टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर हलली, दवाखाना लांब पडला. "जखम सुकली की नाना, कोयता धरती आता," दत्तू कौतुकाने सांगत होता. नाना फोनमध्ये ओरडत होते, "आरं जखमेचं न्हाई रं ते!" तोवर रेंज गेलेली. मी गल्ल्यावरून हे सगळं ऐकायची आणि मला त्या मुकादमाचा, त्या फडाचा, त्या रेंजचा, सगळ्याचाच असा संताप यायचा की गिऱ्हाइकाला मी साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

थंडीच्या ऐन कडाक्यात बातमी आली. मंगल गेली. पाण्याचा पेला तोंडाशी नेला की घसा आवळायचा. मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा हातात काही राहिलं नव्हतं. ह्या रोगात एकदा लक्षणं दिसली की नसतंच.

नाना आठ-पंधरा दिवस बाकावर आले नाहीत. आले तेव्हा पोटऱ्या बघेनात. कोणी रामराम केला तर नुसती मान हलवायचे. एकदोघांनी मुद्दाम धोतर वर करून दाखवलं, थट्टेने. नानांनी बघितलं नाही. मला वाटलं, संपला हा माणूस.

पाडव्याला टोळ्या परतल्या. दत्तू एकटा उतरला. आणि आमचं गाव कसं आहे? ट्रॅक्टर अडवला तेव्हा हेच लोक हसत होते, आता म्हणायला लागले, "बायकू मारली त्यानं. एवढं नाना वरडत हुते." मंगलच्या आईने त्याला दारात उभं केलं नाही. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा, काही न घेता. मी चहा दिला तर हातातच गार व्हायचा.

एके दिवशी तो असाच बसलेला आणि समोरून नाना आले. वाटलं, आता हे त्याला सोलून काढतात. नाना पायरीवर त्याच्या शेजारी बसले.

मग दत्तूच म्हणाला, खाली बघत. "नाना, रागावू नका. पन ती शेवटपातुर म्हनत हुती, आपलं विहिरींचं ऱ्हायलं. आमी कुटंच कदी फिरलो न्हवतो, नाना. त्या दिशी तुमी आडवलं नसतं, तर तेवढं तरी झालं असतं. मरायचीच हुती, तर हिंडून तरी आली असती."

मी काट्यावर शेंगदाणे टाकत होते, हात तसाच राहिला. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी नेलती," ते म्हणाले.

"कुनाला?"

"तुज्या काकूला. आमच्या हिला. पायाला पिल्लू चावलं हुतं, येवढंसं. मी रजा काढली. नोकरीला लागल्यापसून लगीन न्हाई, मयत न्हाई, अशी पैलीच रजा ती. साती विहिरी चालत केल्या आमी. ती हरेकीत वाकून आवाज द्यायची, आन् आतून आला की टाळ्या वाजवायची. एका विहिरीच्या काठाला बसून भाकर खाल्ली. मला म्हनली, दरसाल कुत्रं चावाय पायजे वो." नानांनी मांडीवरची टोपी झटकली. "महिन्याभरानं गेली. ताप न्हवता त्यो. मी लोकांला ताप सांगितला."

इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसतोय. मला हे ठाऊक नव्हतं. गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तवा तू वाईट वाटून घेऊ नगं," नाना म्हणाले. "मी सुया चुकवल्या आन् विहिरी केल्या. तुजं दोन्ही ऱ्हायलं. दोगांच्या बी बायका गेल्या."

दत्तू आता ढसाढसा रडायला लागला. शर्टाच्या बाहीने तोंड पुसत त्याने विचारलं, "नाना, कमी हुतं का वो हे? तुमचं झालं का कमी?"

मी आतून मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, नाना, सांगा हो त्याला, होतं म्हणून. एवढं एक खोटं बोला. गाव इतकी वर्षं तुमच्याशी खोटं बोललं, चारी सुया घेतल्या म्हणून सांगत आलं. तुम्ही एकदा बोललात तर काय बिघडलं?

"न्हाई," नाना म्हणाले. "कमी न्हाई हुत."

मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि दत्तूच्या काखेत हात घालून त्यालाही उठवलं.

"चल, मी भाकरी टाकतो. एकट्याच्यानं घास उतरत न्हाई रं. मला अजून न्हाई उतरत."