बट्टीनंतरचा विषय

लोणखेड्याचे चुडामण पाटील विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेवर निवडून आले, तेव्हापासून त्यांचा एकच ठराव होता आणि तो एकाच माणसापाशी अडला होता. ठराव साधा: धडगावच्या कॉलेजात परीक्षा केंद्र द्यायचं. तिथली मुलं जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, घाट उतरून शहाद्याला पेपर द्यायला येत. जीप बंद पडली की पेपर बुडाला. अडवणारा माणूस म्हणजे परिषदेचे जुने सदस्य भूपेश सर. ठराव आला की ते उभे राहत, नियमावलीतलं एखादं कलम वाचत आणि विषय पुढच्या बैठकीवर जाई.

यंदा पाटलांनी बैठकच लोणखेड्याच्या कॉलेजात बोलावून घेतली. धडगावचा विषय मुद्दाम जेवणानंतर ठेवायला लावला. घरी येऊन पत्नी निर्मलाबाईंना म्हणाले, "भूपेश सरले मी उभाच ऱ्हाऊ देवाव नही. वरण-बट्टी खावाले घालसू, वरथून तूप. तीन बट्ट्या पोटमा गयात का मानूस कलम इसरस."

"आनी बाकीना लोके काय बट्टीना वास लेवाले ई ऱ्हायनात का?"

पाटलांनी हा प्रश्न विषयपत्रिकेवरच घेतला नाही.

बैठकीची सकाळ मागच्या बैठकीचं इतिवृत्त कायम करण्यात गेली. त्यात 'चर्चा झाली' असं होतं. भूपेश सरांचं म्हणणं, 'सविस्तर चर्चा झाली' असं हवं. यावर सविस्तर चर्चा झाली.

मग जेवण. कुलगुरूंनी शेवटची बट्टी केवळ आग्रहाखातर घेतली. आग्रह कोणी केला, ते कुणालाच आठवेना. पाटील स्वतः तुपाचं पातेलं घेऊन भूपेश सरांपाशी उभे राहिले.

"मला पित्त आहे," सर म्हणाले. "ताक तेवढं द्या."

"अर्धी तरी घ्या, सर."

"दादा, पित्ताला अर्धी-पुरी कळत नाही."

पाटलांना फार वाईट वाटलं. त्या दुःखात त्यांनी सरांच्या वाटणीच्या बट्ट्याही स्वतःच संपवल्या.

दुपारी धडगाव कॉलेजचे प्राचार्य रायसिंग पावरा घाटाचे फोटो घेऊन उभे राहिले. पडद्यावर नीट दिसावं म्हणून त्यांनी दिवे बंद करायला लावले, आणि तिथंच घात झाला. थोड्याच वेळात सभागृहातून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायला लागला. कुलगुरू गालावर हात ठेवून गहन विचारात बुडाले. त्यांच्या विचारालाही आवाज होता. पाटलांची मान तर पहिल्याच वळणावर पडली. जागे राहिले दोघंच: कुलसचिव चेतना मॅडम, ज्यांना लिहिता लिहिता जेवायला वेळच मिळाला नव्हता, आणि ताकावरचे भूपेश सर.

रायसिंग सर आपले सांगत राहिले. रिना नावाची त्यांची विद्यार्थिनी. जीप घाटात बंद पडली, तर ती पायी निघाली. पोचली तेव्हा पेपर गोळा होत होते.

भूपेश सरांनी चष्मा काढला. "चालत आली?"

"निम्मा घाट, सर. पुढं ट्रॅक्टर मिळाला."

सर उभे राहिले. "हा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देतं?"

कोणीच देईना.

"पाटील दादा?"

पाटलांकडून एक लांबलचक घोरणं आलं. त्याचा शेवट 'नाऽऽ' असा झाला.

"हा नकार धरायचा का?" चेतना मॅडमनी विचारलं.

"घोरण्याची नियमात तरतूद नाही."

मॅडमनी लिहिलं: अनुमोदकाअभावी विषय तहकूब. आणि दिवे लावले.

उजेड डोळ्यांवर पडताच पाटील दचकून जागे झाले. समोर भूपेश सर उभे होते. हे दृश्य त्यांच्या चांगल्याच ओळखीचं होतं. ते ताडकन उठले. "सरांच्या म्हणण्याला माझा सक्त विरोध आहे. मॅडम, लिहून घ्या."

मॅडमनी लिहून घेतलं.

रायसिंग सरांनी हात जोडले. "साहेब, सर आपल्याच बाजूनं बोलत होते."

पाटील घाईनं मॅडमकडे वळले. "मग... मग माझं अनुमोदन लिहा."

"विषय तहकूब झालाय," मॅडम म्हणाल्या.

आता पाटलांना एकाच माणसाचा आधार होता. भूपेश सरांनी शांतपणे नियमावली उघडली. "तहकुबी अध्यक्षांनी जाहीर करावी लागते. केली का?"

सगळ्यांनी कुलगुरूंकडे पाहिलं. एवढ्या नजरा रोखल्यावर कुलगुरूंना जाग आली. सवयीनं ते म्हणाले, "मंजूर, मंजूर. चहा सांगा."

आणि धडगावला परीक्षा केंद्र झालं.

महिन्याभरानं तिथं मोठा सत्कार झाला. ढोल वाजले, भूपेश सरांच्या गळ्यात हार मावेनात. चुडामण पाटील कडेच्या खुर्चीवर बसून आपल्या नावाची वाट पाहत होते. शेवटी रायसिंग सर माइकवर आले. त्यांच्या आवाजात खरोखरच कृतज्ञता होती.

"पाटीलसाहेबांचेही आभार मानायला हवेत," ते म्हणाले. "मी एवढा वेळ बोललो, पण त्यांनी मला एकदाही मध्ये अडवलं नाही."