तीन नंबरच्या खोलीतला भपकारा

"पोचू, या जंगलात वाघ लय हायेत, पण नाक एकच. माझं!" गिरजाबाईंच्या लॉजच्या पायरीवर उभं राहून गुणवंतरावांनी जाहीर केलं. सत्तावीस वर्षं वनखात्याच्या नाक्यावर लाकडाचे ट्रक तपासले, म्हणून आपण जन्मजात गुप्तहेर आहोत अशी या निवृत्त नाकेदाराची ठाम समजूत. एवढ्या काळात त्यांनी पकडलेला एकमेव गुन्हेगार म्हणजे त्यांचा मेहुणा पोचू, तोही बिनदिव्याच्या सायकलवर. तेव्हापासून बिचारा त्यांचा सहायक होता.

अहेरीतल्या या पाच खोल्यांच्या लॉजला परवाना होता तो फक्त माणसं उतरवण्याचा. जिल्ह्यातच दारूबंदी, त्यामुळे थेंबही चालत नव्हता. आणि तीन दिवसांपासून तीन नंबरच्या खोलीत दारूचा भपकारा सुटला होता. एक्साइजचे साहेब आज दुपारी तपासणीला येणार होते.

"लॉज बंद झाला तं मी खाऊ काय?" गिरजाबाई रडकुंडीला आल्या. "साहेबाले कोणं बोलावलं देव जाणे!"

"म्या! गुन्हेगार पकडल्यावर बेड्या कोण घालन?"

पोचूने कपाळावर हात मारला.

तीन नंबरात आरमोरीचे देवराव मास्तर पेपर तपासत बसले होते. गुणवंतरावांनी त्यांची उशी हुंगली, तेलाची बाटली हुंगली, शेवटी मास्तरांनाच हुंगलं.

"काऊन हुंगता जी? मी रोज पंचशील म्हणतो. दारूले शिवत नाई!"

"सराईत असंच म्हणते. पोचू, दारू लाल शाईच्या दौतीत हाये!"

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी दौतीत बोट बुडवलं. ते लाल झालं. पण भपकारा त्यांनाही आला, आणि त्यांनी वही उघडली. 

"सरका भाऊ, मले माझं गाठोडं घेऊ द्या," म्हणत पाणी भरणाऱ्या बायनाबाई आत आल्या. कूलरच्या मागून त्यांनी एक निथळतं गाठोडं ओढलं. "शेळ्या खातेत म्हणून मोहफुलं इथी ठेवली, तं या कूलरनं सारी भिजवली!"

ज्यांची दारू गाळतात तीच ही फुलं तीन दिवस आंबत होती आणि कूलर इमानाने खोलीभर वास फेकत होता. साहेब पोट धरून हसले. "गिरजाबाई, लॉज साफ आहे. लिहून देतो." गिरजाबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.

गुणवंतरावांना मात्र हे फारच साधं वाटलं. पुरावा तपासायला त्यांनी गाठोडं ग्लासात पिळलं, ग्लास एका दमात रिकामा केला आणि मिशी पुसली.

"अस्सल दारू! म्या म्हटलंच होतं!"

साहेबांनी वही पुन्हा उघडली. "दारू प्यालात? मग पिण्याचं परमिट दाखवा."

गुणवंतरावांनी आशेने मेहुण्याकडे पाहिलं.

"साहेब," पोचू आनंदाने पुढे सरकला, "साक्षीदार मी हाये."