उकंडरावांच्या घोड्याचा रंग

‘पांढरा’ हा शब्द उकंडरावांसमोर उच्चारायची आमच्या गल्लीत कोणाची टाप नव्हती. मी एकदा नवा सदरा घालून मिरवत गेलो. “काकाजी, कसा आहे पांढरा सदरा?” त्यांनी दोन बोटांत कॉलर धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाले, “पांढरा? शिया, आंबट ताकाचा रंग हाय हा. पांढरं पायचं असंन तं तुया बापाचं धोतर पाय. पांढरं तेही नाई, पन जवय येते.”

धंदाच तसा. अकोल्यातल्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचं काम. मूठभर कापूस हातात घेतला की तो कोणता पाऊस खाऊन आला, वावरात किती दिवस लोंबला, सगळं रंगावरून सांगायचे. व्यापारी चहा पाजत, पान पुढं करत. उकंडराव चहाही पीत, पानही खात, आणि म्हणत, “रंग काई माया घरचा नाई, बाप्पा. जो हाय तो हाय.” त्यांची ही मान वाकडी करून बोलायची तऱ्हा मी गणपतीत नकलेत घ्यायचो. ते पहिल्या रांगेत बसून ओरडत, “एवढी वाकडी नाई मायी मान! सरय कर जरा!”

दुसरा नाद सिनेमाचा. त्यांच्या बायकोच्या, गिरजाकाकूंच्या, अंगावरून वारं गेलं होतं, तीन वर्षं झाली होती. काकूंची खाट खिडकीपाशी. दर रविवारी उकंडराव तीनचा खेळ पाहून येत आणि खाटेसमोर उभं राहून अख्खा सिनेमा करून दाखवत. मारामाऱ्या, गाणी, खलनायकाचं हसणं, सगळं. नायिकेचं रडणं तेवढं मिशांमुळे जमत नसे.

एका रविवारी त्यांनी उडत्या घोड्याचा सिनेमा आणला. शहजादा लाकडी घोड्यावर बसतो, कळ दाबतो, पंख फडफडतात, घोडा ढगात! काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “केवढा होता जी घोडा?”

उकंडरावांनी हात पसरले. खोली पुरेना.

“थांब,” म्हणाले, “दाखवतोच तुले.”

पुढच्या खेळाला खिशात सुतळीचं बंडल. घोडा पडद्यावर आला तसे हे उठले, थेट पडद्यापाशी, आणि सुतळी लावून मोजायला लागले. लोकांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतली. डोअरकीपरनं दंड धरून बाहेर काढलं, तरी माप घेऊनच आले. घोडा सोळा हात भरला!

“काकाजी,” मी म्हटलं, “या हिशोबानं शहजादा ताडाएवढा होते.”

दुसऱ्या दिवशी ते तीच सुतळी घेऊन टांग्याच्या अड्ड्यावर खरा घोडा मोजायला गेले.

घरामागच्या छपरीत, काकूंच्या खिडकीसमोर, घोडा उभा राहायला लागला. बांबूचा सांगाडा, त्यावर बारदान, त्यावर चिंचोक्याच्या खळीनं रद्दीचे थरावर थर. शेपूट अंबाडीची. पंखांना गल्लीतली अठरा सुपं लागली. बायका दाळ पाखडायला सूप मागायला आल्या की उकंडराव म्हणत, “उडत्या घोड्याचं पख काढून देऊ का, मायबाई?” महिनाभर आमच्या गल्लीनं खड्यासकट दाळ खाल्ली. पण घोडा असा झाला की टांग्याचं घोडं त्याला पाहून बिचकलं.

मग काकूंनी विचारलं, “अन् रंग कोनता होता?”

सिनेमा काळा-पांढरा! घोडा पडद्यावर राखाडी.

सगळ्या गल्लीची अक्कल कामाला लागली. टांगेवाले चाचा म्हणाले, “बदामी.” गुरुजी म्हणाले, “शुभ्र.” उकंडराव म्हणाले, “शुभ्र असता तं शुभ्र दिसला असता, गुरुजी. पडद्याले काहून नाव ठेवता?” सात वेळा तोच सिनेमा पाहिला. शेवटी सात रंगांच्या चिंध्या घेऊन फोटोवाल्याकडे गेले आणि चिंध्यांचा फोटो काढवला. कोणता रंग घोड्यासारखा राखाडी येतो ते पाहू म्हणाले. तांबडी, हिरवी, निळी, तिन्ही चिंध्या सारख्याच राखाडी आल्या.

“राखाडीच द्या ना मग,” मी म्हटलं.

ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. “तीन वर्सात तिनं एक गोष्ट पायतो म्हटलं. ते मी राखेची दाखवू?”

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. आतून आवाज आला, “गिरजे, मले रंग माईत नाई.”

मग काकू म्हणाल्या, “मंग मी सांगू? आमच्या अंजनगावच्या वावरात कापसाच्या पराटीचं फूल पयल्या दिशी पिवयं उमलते. दुसऱ्या दिशी गुलाबी होते. तसा.”

उकंडराव रोज पहाटे गावाबाहेरच्या वावरात जायचे, ओल्या फडक्यात गुलाबी झालेलं फूल गुंडाळून आणायचे, आणि ते सुकायच्या आत रंग कालवायचे. पाचव्या दिवशी जमला.

घोडा पाहायला गाव लोटलं. हसून हसून लोक छपरीत बसले. “घोडा हाय का बर्फाचा गोया?” जिनातला एक व्यापारी म्हणाला, “उकंडराव, खरं सांगा. सिनेमात गुलाबी होता?”

खिडकी उघडीच होती.

“गुलाबीच होता,” उकंडराव म्हणाले. “सात डाव पायला म्या.”

ज्याच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या कापूस विकला जातो, त्याच्याशी रंगावरून कोण वाद घालणार? लोक मान हलवत गेले. त्यांची इतकी वाक्यं मी नकलेत घेतली, पण ‘गुलाबीच होता’ हे एक कधी घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी तोच सिनेमा परत लागला. मी आणि ते शेजारी बसलो. शहजाद्यानं कळ दाबली, घोडा उडाला, तसाच चुलीतल्या राखेसारखा. आणि पुढच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “आला रे आला, गुलाबी आला!” सगळ्या टॉकीजभर शिट्ट्या.

उकंडराव उठले.

“बसा ना काकाजी, आता तं सुरू झाला सिनेमा.”

“तू पाय. मी घरी जातो.”

“काहून?”

“तिले सांगतो ना,” धोतराचा सोगा सावरत, लोकांच्या पायांवर पाय देत ते म्हणाले, “समद्यायले गुलाबीच दिसून रायला म्हनून.”