म्हशीऐवजी आलेला कॉम्प्युटर

"झाला का सुरू?" गोठ्यातून आण्णांनी विचारलं.

प्रियदर्शनीने पुन्हा एकदा बटण दाबलं. कॉम्प्युटरने काही उत्तर दिलं नाही. मशीन बंद पडल्याची ही तिसरी सकाळ होती, आणि सासऱ्यांचा हा प्रश्नही तिसराच. विचारताना त्यांच्या आवाजात काळजी असते की आनंद, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

"न्हाय, आण्णा."

"तरी मी म्हणत हुतो. तेवढ्या पैशात मुऱ्हा म्हस आली असती. म्हस वैरण खाती, पर दूध तरी देती. हे नुस्तं लाइट खातंय."

दोन हजार तीन साल होतं. कळंब्यात घरी कॉम्प्युटर असणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही हा काही कंपनीचा नव्हता. शहरात शाहूपुरीत दुकान असलेल्या वीरेशने एकेक पार्ट निवडून तो जोडून दिला होता. "आतला माल एक नंबर हाय, वहिनी. फक्त डबा साधा घेतलाय," असं तो म्हणाला होता. लग्नाआधी प्रियदर्शनीने दोन वर्षं टायपिंगचं काम केलं होतं. आता घरीच पत्रिका आणि अहवाल करून द्यायचे, एवढी एकच हौस तिने सासरी येऊन बोलून दाखवली होती. नवरा राजवीर एसटीच्या ड्युटीवर, त्यामुळे त्याच्या बापाला पटवायचं काम तिलाच करावं लागलं.

आण्णा दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी पहिलं काम दिलं ते संस्थेच्या वार्षिक अहवालाचं, आणि तेही कमिटीसमोर अट घालूनच.

"सभेच्या आदल्या शुक्रवारी अहवालाची फ्लॉपी प्रेसात गेली तर कॉम्प्युटर घरात. न्हाय तर शनवारी कॉम्प्युटर वीरेशच्या दारात आणि म्हस माझ्या दारात."

कमिटीला ही अट अगदी रास्त वाटली.

शाहूपुरीत आण्णांचा रोजचा दुधाचा रतीब होता. त्यांनी एम-एटी गाडीच्या एका बाजूला दुधाचा कॅन बांधला, दुसऱ्या बाजूला तोल साधायला कॉम्प्युटरचा डबा, आणि एकही खड्डा न चुकवता दोन्ही वीरेशच्या दुकानात नेले. वीरेशने बटण दाबलं. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला.

"आण्णा, ह्याला काय झालंय?"

"आता काय न्हाय. घरात मेला हुता."

घरी आणल्यावरही तो चालला. प्रियदर्शनीने चार पानं टाइप केली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सगळं थंड. पुढच्या आठवड्यात हा डबा तीन वेळा शाहूपुरीला जाऊन आला, आणि तिन्ही वेळा दुकानात शहाण्यासारखा वागला. वीरेशने आधी रॅम बदलली, मग पॉवर सप्लाय बदलला, आणि शेवटी दोष घरावर ढकलला.

"वहिनी, तुमच्या घरात अर्थिंगच न्हाय."

आण्णांनी स्वतः गोठ्याशेजारी खड्डा खणला, त्यात कोळसा आणि पाच किलो मीठ घातलं. मिठाचा वास लागताच गोठ्यातल्या जुन्या म्हशीने दावं तोडलं आणि अर्धं अर्थिंग चाटून टाकलं. उरलेल्या अर्ध्याचा उपयोग झाला नाही. शिवाय कॉम्प्युटरवर मुंग्या फिरू लागल्या होत्या. प्रियदर्शनी त्या रोज फडक्याने झटकून टाकायची. एवढ्या मोठ्या दुखण्यात मुंग्यांकडे कोण लक्ष देतो?

मग तिसऱ्या खेपेहून कॉम्प्युटर घरी टाकून आण्णा ऑडिटच्या कामासाठी दोन दिवस पन्हाळ्याला गेले, रात्री बहिणीकडे, बाळाबाईंकडे राहिले. त्या दोन्ही सकाळी कॉम्प्युटर पहिल्या बोटाला सुरू झाला. अहवाल जवळजवळ संपला, दोनच पानं उरली. बुधवारी रात्री आण्णा परतले. गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर बंद.

प्रियदर्शनीने दिवस मोजले. आण्णा घरात असले की मशीन मरतं, नसले की जगतं. म्हणजे आण्णाच काहीतरी करत होते. तिला फार वाईट वाटलं. तोंडावर नको म्हणाले असते तर तिने ऐकलं असतं, पण हे असं मागून करायचं म्हणजे काय? काय बोलायचं ते तिने दिवसभर मनात घोळवून तयार केलं.

शुक्रवारी सकाळी धार काढायच्या वेळेला ती पडद्यामागे उभी राहिली. आण्णा फेसाळ दुधाची चरवी घेऊन आत आले, ते थेट कॉम्प्युटरपाशी. इकडेतिकडे बघून त्यांनी चार बोटं दुधात बुडवली आणि बटणावर दूध शिंपडलं.

"घे बाई. पयली धार तुला," ते हळू आवाजात म्हणाले. "आज शुक्रवार हाय. सून रातध्याड राबाय लागलीया. तिला तोंडघशी पाडू नगंस." मग त्यांनी म्हशीच्या पाठीवर मारावी तशी डब्यावर थाप मारली. "आणि मी बोलतो ते मनावर घेऊ नगंस. मला सवय हाय."

प्रियदर्शनीने तयार केलेलं वाक्य तिथंच राहिलं. डोळे मात्र भरून आले.

आण्णा गेल्यावर तिने बटण दाबलं. ते आत गेलं आणि बाहेर आलंच नाही. तिने वायर काढली, केसांची पिन बटणाच्या फटीत घातली, तर पंधरा दिवसांची वाळलेली साय निघाली. शाहूपुरीच्या वाटेवरचे खड्डे बटण हलवून मोकळं करत होते, आणि आण्णा सकाळी पुन्हा नवी भर घालत होते. तिने सगळं पुसून वाळवलं, वायर जोडली आणि बटण दाबलं. दुपारी फ्लॉपी प्रेसात पोचली.

आता हे आण्णांना सांगायचं कसं? कळलं असतं तर त्यांनी पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवलं नसतं. तिने कॉम्प्युटरपासून हातभर लांब एक पितळी वाटी ठेवली.

"आण्णा, वीरेशदादा म्हणतोय बटणाला कुणी हात लावायचा न्हाय. कुणाला काय ठेवायचं असलं तर ह्या वाटीत ठेवावं."

"मी कशाला काय ठेवतोय?" आण्णा गोठ्याकडे बघत म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वाटीत रोज दूध असायचं, आणि कॉम्प्युटर रोज सुरू व्हायचा. रविवारच्या सभेत प्रत्येकाच्या हातात अहवाल होता. मुखपृष्ठावर आण्णांचा फोटो. म्हशीचा विषय पुन्हा निघाला नाही. सगळं निभावलं म्हणून प्रियदर्शनी निश्चिंत झाली.

सोमवारी सकाळी फोन वाजला. पलीकडे वीरेश होता, दबक्या आवाजात.

"वहिनी, आण्णा दुकानात आल्यात. चरवी घेऊन. दुरुस्तीची सात मशीनं वळीनं मांडल्याली हायत. मला म्हणत्यात, तुझ्या इद्येनं काय हुईना, आमचा कशानं बरा झाला ते मला म्हाईत हाय, सरक बाजूला."

"मग? थांबवलं न्हाय का तुम्ही?"

"कोण थांबवतंय त्यास्नी? तीन झाली, वहिनी. चौथ्याचं झाकण काढाय सांगाय लागल्यात. लवकर या की."