नको म्हणजे हो

महाळुंग्याच्या कंपनीतून सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला कोणी जाणार असेल, तर तो आपणच, याबद्दल केयूरच्या मनात तिळभर शंका नव्हती. माणूस निवडणार होते तिकडून चक्क मराठी शिकून आलेले योखेनसाहेब, आणि साहेबांची सगळी बडदास्त केयूरकडेच. आता यात चुकायला जागा कुठे होती, सांगा!

चार दिवस त्याने साहेबांना हॉटेलातलं पनीर खिलवलं. पाचव्या दिवशी साहेबांनी लाइनवरच्या गणराजच्या डब्यात डोकावलं आणि हटूनच बसले.

"देश कळायचा तर लोक रोज खातात ते खावं. मला हे पाहिजे."

झालं! रविवारी दुपारी स्वारी गणराजच्या घरी निघाली. वाटेत केयूरने धडा दिला. "साहेब, आमच्याकडे वाढायला आलं की लगेच 'हो' म्हणायचं नाही, हावरट दिसतं. आधी 'नको' म्हणायचं. मग ते वाढतातच."

"म्हणजे नको म्हणजे हो?"

"अगदी बरोबर."

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. पक्का इंजिनिअर माणूस, एकदा लिहिलं म्हणजे लिहिलं.

गणराजची आई, मंजुळाबाई. 'योखेन' त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचा योगेश करून टाकला. ताटात बाजरीची गरम भाकरी, पिठलं, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. पहिल्या घासाला साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्याचं. दुसऱ्या घासाला आलं ते पिठल्याचं, असं केयूर आजही शपथेवर सांगतो. भाकरीचा तुकडा हाच चमचा आणि तोही खाऊन टाकायचा, हे पाहून साहेब थक्क झाले. इतकं नेटकं डिझाइन त्यांनी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला आणि केयूर अंगणात गेला.

आत दोन भाकऱ्यांत साहेब तुडुंब झाले होते. मंजुळाबाई तिसरी घेऊन आल्या. "योगेशदादा, अजून येक वाढू?"

साहेबांनी हिशोब मांडला. नको म्हणजे हो. मग नको असेल तर?

"हो," साहेब ठामपणे म्हणाले.

मंजुळाबाईंचा चेहरा खुलला. तिसरी पडली, वर तुपाची धार. चौथीला साहेबांनी आवाज चढवला, "हो, हो!"

अंगणात केयूर फोनवर सांगत होता, "साहेब एकदम खूश आहेत. ऐका ना, आवाज येतोय."

पाचवीला साहेब हात जोडून, काकुळतीला येऊन "हो" म्हणाले, तेव्हा बाईंना गहिवरून आलं. "लेकराला तिकडं कुनी पोटभर घालत न्हाई वाटतं," म्हणत त्यांनी पिठल्याचं पातेलंच पुढ्यात ठेवलं.

केयूर आत आला तर साहेब भिंतीला टेकलेले, डोळे अर्धे मिटलेले.

"केयूर, मी तीन वेळा नाही म्हणालो रे," ते पुटपुटले.

केयूरला घोळ उमगला. त्याने कान पकडले. "चुकलं साहेब. नको म्हणजे नकोच."

साहेबांनी वहीतली ओळ खोडून नवी लिहिली. पण रागावले मात्र नाहीत. निघताना मंजुळाबाईंपुढे पोट वाकू देईल तेवढे वाकले आणि म्हणाले, "इतक्या मायेने मला आजवर कोणी वाढलं नाही."

मंगळवारी त्यांनी केयूरला केबिनमध्ये बोलावलं. शेजारी क्वालिटीचा शेखर बसला होता.

"केयूर, ट्रेनिंगला तू जातोस?"

केयूरच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण एकदम हो कसं म्हणायचं, बरं दिसतं का ते? मान खाली घालून, लाजत तो म्हणाला, "छे छे, नको साहेब. मी कशाला?"

साहेबांनी मोठ्या आदराने मान डोलावली, वहीतलं केयूरचं नाव खोडलं आणि शेखरकडे वळले.

"निघायचं कधी?" शेखर म्हणाला.