प्रार्थनासभेत काळूरामचा एको

"पनवेल तालुक्यात आपल्या एकोला तोड नाय!" असं कोन गावचा काळूराम साऊंडवाला छाती फुगवून सांगायचा. गावातली एकही हळद त्याच्या स्पीकरांशिवाय लागत नसे. मशीनमागे बसून, कॉलरला छोटा माइक लावून, "नवरीच्या मामांनी हळद लावायला यावं... यावं... यावं..." असं तो स्वतःच पुकारायचा. एकदा महामार्गालगतच्या मोठ्या चर्चचा साऊंडवाला आजारी पडला आणि काळूरामला रविवारच्या सभेचं बोलावणं आलं. गडी हरखलाच! रुबाब बघायला बायकोला, सुनीतालाही सोबत घेतलं.

आत पाऊल टाकलं आणि पठ्ठ्याची बोलतीच बंद. बाहेर दहाचं ऊन, आत मिट्ट काळोख! गोदामाएवढा हॉल, एसीची बोचरी थंडी, दोन हजार माणसं डोळे मिटून उभी आणि कीबोर्डचा एकच सूर लांबत चाललेला. काळूरामच्या अंगावर काटा आला. त्यात स्टेजच्या उजेडात तिसऱ्या रांगेत दिसला दीनानाथ, सुनीताचा सख्खा भाऊ!

आता खरं काय ते सांगतो. चार वर्षांपूर्वी काळूरामने टेम्पो मागे घेताना गावदेवीपुढची दीपमाळ पाडली. शेजारच्या सीटवर दीनानाथ दारू पिऊन आडवा झालेला. या महाभागाने काय करावं? मेव्हण्याला उचलून स्टिअरिंगमागे बसवलं आणि बोंब ठोकली, "दीनानाथनी पाडली!" शुद्धीवर आल्यावर बिचाऱ्या दीनानाथलाही तेच खरं वाटलं. गाव तुटलं, सुनीताने राखी बांधणं सोडलं. तो पनवेलात खोली घेऊन राहिला आणि या चर्चला यायला लागला.

पास्टर अगदी हळू आवाजात सुरू झाले. "इथे... एक माणूस आहे." थांबले. कोणी खोकलंसुद्धा नाही. "त्याने गाडी... रिव्हर्समध्ये टाकलीय." पुन्हा थांबले. मग एकदम गरजले, "वळून पाहिलंस का? मागे काय पाडलंस ते पाहिलंस का?"

ते आयुष्याच्या गाडीबद्दल बोलताहेत हे दोन हजार जणांना कळलं. काळूरामला सोडून!

"याला कुनी सांगितलं?" तो पुटपुटला.

आणि वरून, चारी कोपऱ्यांतून, घोगरा आवाज घुमला, "कुनी सांगितलं... सांगितलं... सांगितलं..."

पास्टरही छताकडे बघायला लागले! एक बाई थरथरत खाली बसली.

"कोन हाय?" काळूराम.

"कोन हाय... हाय... हाय..."

अहो, हळदीच्या सवयीने याने कॉलरला माइक लावलेला, आणि पास्टरांसाठी राखलेला सगळा एको चालू! वीस वर्षं लोकांचे आवाज घुमवले, पण भीतीपायी स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"आई गावदेवी, माफ कर!" त्याने गुडघेच टेकले. "टेम्पो मीच चालवत व्हतो! दीपमाळ मीच पाडली! दीनानाथ तर झोपलेला व्हता!"

कबुली तीन-तीनदा घुमली. "हालेलुया!" दोन हजार माणसं ओरडली आणि फटाफट दिवे लागले.

सुनीता हंबरडा फोडत धावली ती थेट भावाच्या गळ्यात. "दादा रे! चार वर्सं तुजं तोंड नाय बघितलं मी!" मग नवऱ्याकडे वळून तिने असं काही बघितलं की काळूरामला वाटलं, तो वरचा आवाज परवडला. तो मान खाली घालून दीनानाथच्या थपडेची वाट बघत राहिला.

दीनानाथ मात्र कसला तरी हिशेब लावत उभा होता. मग त्याने विचारलं, "भावोजी, म्हंजे ते पाप माजं नव्हतंच?"

"नाय रे."

"त्याच्यापायी चार वर्सं मी थेंबाला शिवलो नाय." दीनानाथने डोकं धरलं. "ती दारू मी फुकटच सोडली?"

सगळ्यांनी पास्टरांकडे पाहिलं.