कुसुंबीचा पुढचा डावा पाय

एका जंगलात सिंह होता, पण तो कायम दौऱ्यावर असे. मग कारभार कोण बघायचा? बरोबर, मुलांनो. कारकून.

त्या जंगलात सगळ्यांकडे गाड्या होत्या. जनावरांना गाड्या कशाला, असं विचारू नका. शेजाऱ्याकडे आली की आपल्याकडे यावीच लागते. पाणवठ्यावर गाड्यांची एवढी दाटी व्हायची, की शेवटी नियम झाला. गाड्या लांब वडाखाली लावायच्या. तिथून पाणी तीनशे पावलं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी पाण्याजवळच्या जांभळाखाली जागा राखून ठेवली. तिथून तीसच पावलं. मात्र गाडीवर निळी पाटी हवी.

याच जंगलात कुसुंबी नावाची एक हरिणी राहायची. दिसायला चारही पाय सुरेख. पण लहानपणी वणव्याचा धूर छातीत गेला होता. पन्नास पावलं झाली की तिला धाप लागायची. शंभर झाली की डोळ्यांपुढे अंधारी. तीनशे पावलांवरचं पाणी तिच्यासाठी नव्हतंच म्हणा ना.

म्हणून ती पाटी मागायला कारकून भाऊसाहेब घोरपडींकडे गेली. भाऊसाहेब खुर्चीला असे चिकटले होते, की त्यांची तीनदा बदली झाली आणि तिन्ही वेळा खुर्चीच हलली नाही.

"कुठला पाय?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"पाय नाही हो, भाऊसाहेब. मला दम लागतो."

"दमाचा रकाना नाही." त्यांनी अर्ज पुढे सरकवला. चार रकाने होते. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा.

"मग सापांनी काय करायचं?" कुसुंबीच्या तोंडून निघून गेलं, आणि निघून गेल्यावर ती स्वतःच दचकली.

"साप आला होता ना! चारही पाय नाहीत. एका दिवसात पाटी. इतकी स्वच्छ केस मी आयुष्यात पाहिली नाही. सळसळत गेला घेऊन."

कुसुंबीचा चेहरा पडला. भाऊसाहेब काही वाईट नव्हते. ते विचारात पडले.

"दम कुठून येतो? छातीतून. काळीज कुठल्या बाजूला? डाव्या. मग जवळचा पाय कुठला झाला?"

"पुढचा डावा. पण ते खोटं नाही का होणार?"

"खोटं तोंडानं बोलतात, ताई. हा कागद आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी कुसुंबीनं जांभळाखाली गाडी लावली. शेजारी गव्याची भलीमोठी गाडी होती. पाटी नव्हती. "दोन मिनिटांत काढतो" असं तो म्हणाला होता, दिवाळीत. आता चैत्र लागला होता.

कुसुंबी उतरली मात्र, फांदीवरून सातभाई खाली आले. सातभाई म्हणजे सात पाखरं. सगळीकडे एकत्र जातात आणि सगळ्यात एकत्र लक्ष घालतात.

"अगं ए, पाटी कुणाची? आजोबांची का?"

"चांगली टुणटुणीत तर आहेस!"

"आजकालच्या पोरींना चालायला नको."

"मला ना, धुरामुळे, म्हणजे लहानपणी..." कुसुंबी चाचरली.

"धूर आम्हीही खाल्लाय!" सातही जण ओरडले.

घाबरून तिनं पुढचा डावा पाय उचलला.

"अगंबाई! बिचारी. आधी नाही का सांगायचं?"

तेव्हापासून कुसुंबी रोज लंगडायची. आता तुम्ही कधी तीन पायांवर चालून बघा. तीस पावलं नव्वदांएवढी होतात. पाण्यापाशी पोचेपर्यंत तिचा ऊर भात्यासारखा हलायचा. "पाय फारच दुखतोय वाटतं," सातभाई हळहळायचे.

एका दुपारी मागे काटकी मोडली. कुसुंबी दचकली आणि तिनं उजवाच पाय उचलला.

"काल डावा होता!" सातभाईंनी जंगल डोक्यावर घेतलं. "भाऊसाहेबांना बोलवा! पाटी काढून घ्या!"

भाऊसाहेब आले. खुर्चीसकट आले. पाटी गेली तर पाणी गेलं, हे कुसुंबीला कळत होतं. पण आता कुठला पाय उचलावा हेच तिला सुचेना. मग तिनं चारही खाली टेकवले.

"माझे सगळे पाय धड आहेत," ती म्हणाली. "मला दम लागतो. पहिल्यापासून तेच सांगतेय."

"पुरावा काय?" सातभाई म्हणाले. "वडापासून चालून दाखव."

ती वडापर्यंत गाडीनं गेली आणि तिथून चालू लागली. पन्नासाव्या पावलाला धाप लागली. शंभराव्याला ती कोसळली. पडतानाही तिला काळजी, आपण नीट पडतोय ना?

सातभाईंनी चोचीतून पाणी आणलं. भाऊसाहेबांनी डोळे पुसले आणि अर्जावर हातानं पाचवी रेघ ओढली. नवा रकाना झाला: 'सर्वांसमक्ष पडून दाखविले.' शिक्का बसला. पाटी राहिली.

कुसुंबी दुसऱ्या दिवशी चार पायांवर ताठ मानेनं पाण्यावर गेली. सातभाई तर आता तिचेच झाले होते.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या रानातून एक मोर आला. त्यानं आधी पाटीकडे पाहिलं, मग कुसुंबीकडे.

"बाई, तुम्ही तर चांगल्या टुणटुणीत दिसता."

"तुम्हाला नाही माहीत!" सातभाई अभिमानानं पुढे सरसावले. "त्यांना दम लागतो. ताई, यांना एकदा पडून दाखवा ना! वडापासून!"

कुसुंबीनं लांब वडाकडे पाहिलं. मोराकडे पाहिलं. आणि हळूच पुढचा डावा पाय उचलला.

"अगंबाई! बिचारी," मोर म्हणाला, आणि बाजूला झाला.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण तहान लागली असेल, तर एक पाय उचलून ठेवावा. ज्यांना शिंगं आहेत त्यांना हे तात्पर्य लागू नाही. ते दोन मिनिटांत गाडी काढणार आहेत.